कुशाबाने भरलेलं विमान

कुशाबा शेलारच्या जीपमध्ये कायद्याने नऊ माणसं बसतात. त्यात कायद्यालाही बसता येईल एवढी जागा कुशाबाने कधी ठेवली नाही. पोलादपूरहून कुडपणला चढताना सतरा ही त्याची रोजची भरती. लग्नसराईत एकवीस. शिमग्याला चाकरमानी मुंबईहून उतरले की मोजायचंच नसतं; मोजल्याने माणसं घाबरतात, असं त्याचं मत.

पण तो माणसं कोंबत नाही. कोंबणं वेगळं आणि बसवणं वेगळं, हे तो समोरच्याला ऐकायचं असो वा नसो, सांगतोच. बाकावर एक पुढे सरकून, शेजारचा मागे टेकून, म्हणजे खांद्याला खांदा अडत नाही. म्हातारी माणसं कडेला, कारण वळणावर त्यांना डोकं बाहेर काढावं लागतं. तान्हं मूल नेहमी परक्याच्या मांडीवर. आईच्या मांडीवर ते रडतं, परक्याच्या मांडीवर भेदरून गप्प राहतं. भांडण चालू असलेली दोन घरं एका बाकावर कधीच नाहीत. रागावलेला माणूस फुगतो आणि दोन बोटं जास्त जागा खातो.

सगळ्यात अवघड जागा गिअरवरची. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, गिअरची दांडी दोन गुडघ्यांमध्ये घेऊन बसायचं आणि कुशाबाने हात घातला की त्या बाजूचा गुडघा बाहेर फेकायचा. या जागेवर तो माणूस निवडून घेतो. एकदा घाईत त्याने भावकीतल्या ठमाबाईला तिथे बसवलं. तिच्याकडे पिशवीत कोंबडा होता. ऐन वळणावर दुसरा गिअर टाकायची वेळ आली तेव्हा ठमाबाईने गुडघ्याऐवजी कोंबडा सांभाळला. गाडी मागे मागे येत करवंदीच्या जाळीत टेकली. कोणाला काही झालं नाही. ठमाबाईने उतरून आधी गाडीला, मग कुशाबाला, मग करवंदीला शिव्या घातल्या आणि पुन्हा येऊन त्याच जागेवर बसली.

हे शिक्षण कुशाबाचं मुंबईतलं. कुडपणची पोरं जायची तसा तोही मिसरूड फुटायच्या आत मुंबईला गेला आणि कापडाच्या गोदामात गासड्या दाबायच्या कामाला लागला. मालकाशी भांडून परत आला, तेव्हा त्याच्याकडे सांगण्यासारखी एकच विद्या होती: कुठलीही वस्तू ती जेवढी दिसते त्याहून कमी जागेत जाते. ती त्याने माणसांना लावली. लग्न झालं, जुनी जीप घेतली आणि गेली पंचवीस वर्षं तो कुडपण वरखाली करतो आहे. बायको बनुबाई वरी, नाचणी, दोन म्हशी आणि कुशाबाच्या थापा असं सगळं एकटीने सांभाळते. यातलं सगळ्यात जास्त खाणारं काय, असं विचारलं तर ती म्हशींचं नाव घेत नाही.

अलीकडे गावात मोटारसायकली झाल्या. त्यामुळे हिवाळ्यात कुशाबा महाडला मुक्काम टाकतो आणि गडाच्या रोपवेसाठी येणाऱ्या पर्यटकांना हिरकणीवाडीला नेतो. हे लोक एका बाकावर दोघं बसतात आणि वर पाय ठेवायला जागा नाही म्हणतात. कुशाबाला ते आवडत नाहीत. त्यांच्यापुढे आपली कला वाया जाते, असं त्याला वाटतं.

अशाच एका डिसेंबरात त्याला विमान भेटलं.

विमान सुधीरशेठचं. सुधीरशेठची महाडच्या एमआयडीसीत पंपदुरुस्तीची कार्यशाळा आहे आणि ती उत्तम चालते, हीच त्यांची अडचण. रिकामा वेळ आणि हातात हत्यारं. त्यांनी कुठल्याशा बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबच्या लिलावातून सत्तर वर्षांपूर्वीचं दोन आसनांचं विमान उचललं. नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, पंख डोक्यावर, आसनं एकामागे एक. अकरा वर्षं खपून त्यांनी ते उडतं केलं. गावाबाहेर एका बंद कारखान्याने कधीकाळी सपाट करून ठेवलेला माळ भाड्याने घेतला, तिथे पत्र्याची शेड उभारली आणि सगळ्या परवानग्या मिळवल्या. त्यांच्या ओळखीच्या एका निवृत्त कॅप्टननी ते दोनदा उडवूनही दाखवलं. आता सावित्रीच्या खोऱ्याने पोलादपूरपर्यंत जाऊन यायचं, ही एक लांब फेरी राहिली होती. ती झाली की जानेवारीत जुन्या विमानांच्या मेळाव्यात सुधीरशेठचं नाव लागणार होतं. परवानगी महिनाअखेर संपत होती.

कॅप्टनसाहेब पाच फूट तीन इंच होते. त्यांच्या मापाने पुढची सीट बसवलेली होती. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि त्यांनी आपल्या जागी आपली एक विद्यार्थिनी पाठवली. असलं जुनं, शेपटीला चाक असलेलं विमान उतरवता येणारी माणसं देशात फार नाहीत. ही त्यांतली एक, असं त्यांनी फोनवर सांगितलं. उंचीबद्दल ते काही बोलले नाहीत.

तिला आणायला कुशाबाची जीप ठरली. चवदार तळ्याजवळच्या लॉजमधून एक बाई वाकून बाहेर आली आणि मग सरळ झाली. सरळ होणं बराच वेळ चाललं. कॅप्टन दीप्ती सबनीस. जीपमध्ये शेडवरचे चार फिटर, पेट्रोलचे दोन कॅन आणि चहाचं सामान आधीच होतं.

कुशाबाने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मॅडम, एक विचारू?"

"सहा फूट एक इंच. बास्केटबॉल खेळत नाही. वर हवा चांगली आहे. आणखी काही?"

"माझं येगळं हाय. पाय लांब का पाठ लांब?"

दीप्तीने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. "पाय."

"मंग पुढं बसा. पाठ लांब असती तर मागं टाकली असती."

शेडवर पोचेपर्यंत तिचे गुडघे कुठेही लागले नाहीत. तसं तिने सांगितलंही. हे तिने सांगायला नको होतं. कुशाबाला कौतुक पचत नाही, ते लगेच तोंडावाटे बाहेर पडतं.

शेडमध्ये मात्र वेगळंच चाललं. विमानाचा दरवाजा खिडकीएवढा. दीप्तीने आधी डावा पाय आत टाकला. उजवा बाहेर राहिला. मग उजवा टाकला; तेव्हा डोकं पंखाच्या नळीवर आपटलं. मग ती पाठमोरी घुसली आणि बसलीही, पण हनुवटी छातीला टेकलेली आणि गुडघे घड्याळांच्या फळीला. विमान चालवायची दांडी दोन गुडघ्यांमध्ये अशी रुतली की तिने श्वास घेतला की शेपटी हलायची.

"कापडाला हात नको," सुधीरशेठ भोवती फिरत ओरडत होते. "त्या नळीला धरू नका! काचेला नको!"

"मग धरू कुठे, शेठ? तुम्हाला?"

कुशाबा दाराशी उभा राहून हसला. हसणं दाबायची त्याला सवय नाही.

"हसतोस काय?" सुधीरशेठ भडकले. "एवढा जीप भरतोस ना? ही बसवून दाखव. बसवलीस तर मागची सीट तुझी. परवा पोलादपूरपर्यंत फेरी."

ते रागात बोलले. पण चार फिटरांच्या देखत बोलले.

कुशाबाने ताबडतोब जीप काढली आणि संध्याकाळच्या आत कुडपण गाठलं. इतकी मोठी बातमी फोनवर सांगून वाया घालवायची नव्हती. देवळासमोर नेहमीची मंडळी होती. त्यात पांडूही होता. पांडू कुशाबाच्या बरोबरीचा. कुशाबा बोलला की ते खोटं ठरवायचं, एवढं एकच व्यसन त्याला आहे.

"परवा सकाळी कड्यावर उभं रावा," कुशाबा म्हणाला. "मी इमानातून येतोय."

"कड्यावर कशाला? वर बघू की घरूनच."

"वर कुठं बघतोस रे? आपलं गाव केवढं उंच. इमान खोऱ्यातून येनार, आपल्या पायाखालनं. खाली वाकून बघायचं."

"म्हंजे तुला आमी वरनं बघायचं?" पांडूला हे आवडलं. "आनि नाय आलास तर?"

"नाय आलो तर तू बोलशील ते."

"मंग ऐका रे सगळे. कुशाबा इमानात नसला तर यंदाची शिमग्याची सगळी मानसं भरतच्या गाडीनं वर येनार. एक पन याच्या जीपमधी बसनार नाय."

भरत पोलादपूरचा. त्याच्याकडे नवी कोरी व्हॅन आहे, तिच्या सीटांना पट्टे आहेत, आणि भरत ते लावायला लावतो. शिमगा म्हणजे कुशाबाचा वर्षाचा मान. मुंबईतून आलेला प्रत्येक माणूस त्याच्या गाडीतून वर येतो, तो कोणाला कुठे बसवतो यावरून गावात कोणाचं काय चाललंय ते सगळ्यांना कळतं. तो शिमगा भरतच्या पट्टेवाल्या व्हॅनला द्यायचा, हे ऐकूनही कुशाबा हसला.

"लिहून ठेवा," म्हणाला.

घरी बनुबाईने एकच विचारलं, "तुमी मावाल का त्याच्यात?"

"अगो, मी दुसऱ्यांना मावून देतो. मी नाय मावनार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेडवर कामाला लागला. आधी त्याने दीप्तीला बूट काढायला लावले. मग सीटवरची गादी उचलून बाहेर फेकली आणि पत्र्यावर गोणपाटाची चौपदरी घडी टाकली. "बसा आता. आदी बूड. मंग एक पाय. दुसरा पाय शेवटी, नवरी उंबरा वलांडते तसा."

"नवरीला नळ्या आडव्या येत नाहीत, काका."

"सासू येते."

ती आत गेली. डोकं पंखाच्या नळीखाली आलं. सुधीरशेठांनी टाळी वाजवली. कुशाबाने फिटरांकडे मान वळवून पाहिलं, म्हणजे टाळी त्यांनी ऐकली ना, याची खात्री करायला.

"डोकं बसलं," दीप्ती म्हणाली. "पण खाली गेल्यावर गुडघे वर आले. हे बघा." तिने दांडी उजवीकडे ढकलली. दांडी मांडीला लागून थांबली. "एवढं वळले तर पोलादपूरला नाही, रत्नागिरीला पोचेन."

"गुडघा बाहेर फेका. गिअरवर बसतात तसं." कुशाबाने जीपमधल्या दांडीची सगळी विद्या सांगितली. दांडी उजवीकडे की उजवा गुडघा बाहेर, डावीकडे की डावा. दीप्तीने करून पाहिलं. जमलं. दहादा जमलं.

"आता पाय," ती म्हणाली आणि तिने खालची पट्टी दाबली. "विमान वळवताना हात आणि पाय एकदम चालतात. उजवी पट्टी दाबली की हा गुडघा सरळ व्हायलाच हवा. तेव्हा तो बाहेर कसा फेकू?" दांडी पुन्हा मांडीला अडली.

कुशाबाने वाकून मांडी आणि दांडी यांच्यामधली जागा बोटांनी मोजली.

दीप्तीने विमानाची मूळ पुस्तिका मागवली. तीत पुढच्या सीटला तीन जागा दाखवल्या होत्या. खाली फरशीच्या नळ्यांवर बोल्टची भोकं असणार होती. ती होतीही, सुधीरशेठांच्या हातच्या तीन थर रंगाखाली. सध्या सीट पहिल्या जागी होती. दुसरी दोन बोटं मागे, तिसरी चार बोटं.

इथे कुशाबाने फरशीवरची नजर काढली. तो मागच्या सीटकडे पाहत होता. पुढची सीट चार बोटं मागे गेली तर मागे काय उरतं, हे मोजायला त्याला टेप लागत नाही.

"दुसरी जागा रग्गड हाय," तो म्हणाला. "तिसरी नको. माझ्यावर सोडा."

सीट दुसऱ्या जागी कसली. दीप्ती बसली. दांडी मोकळी फिरली, पट्टीबरोबरही फिरली. फक्त उजवीकडे शेवटच्या टप्प्यात मांडीला टेकली. अगदी हलकी.

"झालं!" कुशाबा म्हणाला.

"टेकतेय."

"नुसती टेकतेय. अडत नाय. मांडी जरा आत घ्या."

"मांडी कुठे आत घेतात, काका?"

"मानसं घेतात. माझ्या गाडीत घेतात."

दीप्तीने हात दांडीवरून काढला. ती चिडली नव्हती. "तुमच्या गाडीत गिअर नाही पडला तर काय होतं?"

कुशाबाने दांडीकडे पाहिलं. करवंदीची जाळी त्याला आठवली असावी. खोऱ्यात करवंदीच्या जाळ्या भरपूर आहेत, पण त्या फार खाली आहेत.

तो पाना घेऊन आडवा झाला आणि स्वतःच सीट तिसऱ्या जागी नेली. या वेळी दांडी चारी बाजूंना पुरी गेली. पट्ट्या दाबून गेली, सोडून गेली. दीप्तीने डोळे मिटून पुन्हा सगळं केलं. कुठेही काही लागलं नाही. "बसले," ती म्हणाली. "काका, मानलं तुम्हाला."

"मंग आता मी," कुशाबा म्हणाला.

"तुम्ही काय?"

सुधीरशेठ घड्याळाची काच पुसू लागले.

"मागं मी हाय ना. ठरलंय तसं."

दीप्तीने सुधीरशेठांकडे पाहिलं, मग कुशाबाकडे, विशेषतः त्याच्या मधल्या भागाकडे. "वजन किती तुमचं?"

"ड्रायव्हरला कोन मोजतो?"

त्याला जवळच्या भाताच्या गिरणीवर नेऊन पोत्यांच्या काट्यावर उभं केलं. काट्याने जे सांगितलं ते गिरणीवाल्याने दोनदा मोठ्याने वाचलं. परत आल्यावर दीप्तीने कागदावर हिशोब केला आणि नकारार्थी मान हलवली. "मी मागे सरकलेय. माझ्यामागे तुम्ही. सगळा भार शेपटीकडे जातो, नाक वर उठतं."

"जीपला पन तसंच होतं. पुढचं चाक हलकं होतं. तवा आमी दोगांना बॉनेटवर बसवतो."

"इथे बॉनेटवर पंखा आहे, काका."

कुशाबाने तरीही बसून दाखवायचा हट्ट धरला. भार नंतर बघू, आधी मावतो की नाही ते बघू, असं त्याचं म्हणणं. तो आडवा शिरला, एक खांदा पुढे, एक मागे, पोट आत. शिरला खरा. मग तिथेच राहिला. पुढे सीटची पाठ, मागे सामानाची फळी, आणि मध्ये कुशाबा. हात हलेना. पाय कुठे आहेत ते त्याला समजेना. "ओढा!" तो म्हणाला. फिटरांनी ओढलं. "तसं नाय! आदी डावा खांदा सोडवा! अरे, मानूस बाहेर काढताय का मुळा?"

तो निघाला तेव्हा त्याच्या सदऱ्याचं एक बटण आत राहिलं आणि सुधीरशेठ ते शोधायला अर्धे आत गेले, कारण विमानात सुटी वस्तू राहून चालत नाही.

दीप्ती बाहेर बॉनेटला टेकून चहा पीत होती. विमानाच्या नव्हे, जीपच्या. "दुसऱ्या जागेला मी हो म्हटलं असतं तर?"

"तर मावलो असतो," कुशाबा म्हणाला. "गुडघे कानाला लागले असते, पन मावलो असतो."

"आणि भार?"

"भाराचं मला काय ठावं नव्हतं."

"खोटं."

"थोडं ठावं होतं." त्याने बशीत चहा ओतला. "गाव कड्यावर उभा राहनार हाय, मॅडम. तुमी तेवढं पोलादपूरवरनं वळताना कुडपणच्या खालनं न्या. आनि जाताना पंख हलवा."

"खालून?"

"गाव वर हाय आमचा."

ठरलेल्या दिवशी सकाळी विमान धावलं, शेपटी उचलली गेली आणि ते माळ सोडून वर गेलं. कुशाबाने पाहिलं. उडण्यापेक्षा त्याचं लक्ष दांडीकडे होतं, म्हणजे दांडी दिसत नव्हती, पण पंखाच्या कडा खालीवर होत होत्या त्यावरून ती फिरतेय हे कळत होतं. वळताना विमान हवं तेवढं वळलं. त्याने मान हलवली. मग फोन बंद केला आणि जीपमध्ये जाऊन झोपला. विमान परत आलं तेव्हा दीप्तीचे पाय बधिर झाले होते आणि तिला बाहेर काढायलाही त्यालाच उठवावं लागलं. सुधीरशेठ पेढे वाटत होते. कुशाबाने चार खाल्ले.

खरा प्रश्न कुडपणच्या रस्त्यावर सुरू झाला. विमानाचा पंख डोक्यावर असतो. कड्यावरून वाकून पाहणाऱ्याला फक्त पंख आणि शेपटी दिसणार. आत कोण आहे, एक आहे की दोन, हे ब्रह्मदेवाच्या बापालाही कळणार नाही. हे कुशाबाच्या लक्षात पोलादपूर सोडल्यावर पहिल्या वळणावर आलं. तिसऱ्या वळणापर्यंत त्याने काय सांगायचं ते ठरवलं होतं. शेवटच्या चढावर तो ते स्वतःलाच मोठ्याने सांगून पाहत होता.

देवळासमोर सगळी वाडी होती. ठमाबाई होती. पांडू होता, पण मागे उभा होता.

"दिसला का रे मी?" कुशाबाने उतरता उतरता विचारलं.

"इमान दिसलं," एकजण म्हणाला. "पंख हलवले ते तू सांगितलंस?"

"नायतर कोनी?" आणि कुशाबा सुटला. वारं कसं लागतं, कान कसे बंद होतात, सावित्री वरून दोरीसारखी कशी दिसते. ठमाबाईच्या गोठ्याचे दोन पत्रे सडलेत. पांडूची म्हैस दुसऱ्याच्या वरीत होती. ही शेवटची गोष्ट बाराही महिने खरी असते. मंडळी खूश झाली. शिमगा वाचला. पांडूने तोंड वाकडं केलं.

"चालवत कोन होतं?" ठमाबाईने विचारलं.

"एक बाई. सहा फूट उंच."

"सहा फूट बाई?" पांडूला अखेर धागा सापडला. "त्या एवढ्याशा इमानात? वरनं बघितलं आमी, ते टोपलीएवढं हाय. त्यात सहा फूट बाई आनि हा रेडा? काय पन बोलतो. बाईबिई काय नाय, असंल कोनी बुटका."

"बाई होती!"

"मंग ती बसली कशी?"

विमानात बसलो नाही असं कोणी म्हटलं असतं तर कुशाबाने दहा थापा मारून ते निभावलं असतं. पण त्याने बसवलेलं माणूस बसलंच नाही, असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

"मी बसवली!" तो ओरडला. "पहिल्या जागी डोकं लागत होतं. गादी काढली. मंग गुडघे वर आले, दांडी अडली. दुसऱ्या जागी नुसती टेकत होती, मी बोललो 'झालं', तरी ती 'नाय' बोलली, आनि बरोबर बोलली. मंग मी सोता पाना घेऊन चार बोटं मागं नेली सीट. चार! तवा दांडी फिरली. मोकळी. कुठं कायपन लागलं नाय."

"चार बोटं मागं," पांडू सावकाश म्हणाला. "म्हंजे मागच्या सीटवर नेली."

"होय."

"मंग तू कुठं बसलास?"

कुशाबाची चार बोटं अजून वरच होती. उत्तरं दोन होती. एकात तो विमानातून आला होता, पण मग बाई बसली नव्हती.

"कुठं बसनार?" तो म्हणाला. "जागाच नव्हती."

ठमाबाईने कपाळाला हात लावला. मग हशा उसळला. पांडूने दोन्ही हात वर केले. "म्हंजे आमी सकाळपासनं कड्यावर उभं राहून त्या बाईला हात करीत होतो? ऐकलं ना सगळ्यांनी? शिमगा भरतचा!"

"भरतचा," कुशाबा म्हणाला. त्याने घासाघीस केली नाही.

बनुबाई शेणाचे हात तसेच घेऊन कडेला उभी होती. "मला तवाच ठावं होतं."

"तुला कसं गो?" ठमाबाईने विचारलं.

"हे आत असते तर ते एवढं वर आलं असतं का?"

या वेळी कुशाबाही हसला. पण त्याचं समाधान झालं नव्हतं. शिमगा गेला तो गेला. पांडूच्या तोंडावर अजून 'सहा फूट बाई बसली कशी' हेच होतं. त्याने देवळाच्या कोपऱ्यातून एक काठी घेतली आणि पांडूला ओढून जमिनीवर बसवलं.

"बस. गुडघे वर घे. ही पायाखाली पट्टी समज. ही काठी दोन गुडघ्यांमधी रोव. आता उजवीकडं ने."

"मांडीला लागतेय."

"लागनारच. दाबलेली पट्टी सोडू नको." तो पांडूच्या मागे गेला, त्याच्या कमरेला दोन्ही हातांनी धरलं आणि त्याला मागे ओढलं. एक बोट, दोन बोटं, चार. "आता ने."

सगळी वाडी वाकून पाहत होती. काठी उजवीकडे पुरी गेली. मग डावीकडेही गेली.